दोराला हात लागला की वाटा

“चांगले वागायचे, हे कोणत्या इयत्तेत शिकवतात?”

समुद्रकाठच्या एका गावात धाकू नावाचा मुलगा होता. त्याने हा प्रश्न एकदा गुरुजींना विचारला. गुरुजी म्हणाले, “आधी पाढे म्हण.” आईला विचारले. ती म्हणाली, “मेल्या, चुलीतलं लाकूड आत सार.” थोरल्या भावाला, सगुणला विचारले. तो नुसता हसला आणि कामाला निघून गेला. धाकूला एका जागी बसवत नसे. तिसरीतच त्याने शाळा सोडली. प्रश्न तसाच राहिला.

पुढे सगुण गावच्या रापणीचा म्होरक्या झाला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी समुद्रात अर्धा फेरा मारून ते सोडत जाते. त्याचे दोन दोर वाळूवर येतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग सगळे गाव मिळून ते ओढते. गावाचा नियम साधा होता. ज्याचा हात दोराला लागला, त्याला मासळीचा वाटा. म्हातारा असो, पोर असो, वाटेने चाललेला परका असो.

वाटे घालायची रीतही ठरलेली होती. वाळूवर मासळीचे ढीग मांडत. एक मूल ढिगांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभे राही. वाटप करणारा एका ढिगावर बोट ठेवून विचारी, “हा कुणाचा?” मूल ओढणाऱ्यांपैकी एकाचे नाव घेई. तो ढीग त्याचा. पाठमोऱ्या मुलाला लहान ढीग दिसे ना मोठा. मग तक्रार कोण करणार?

वाटप सगुण करी. पाठमोरी उभी राही त्याची मुलगी शेवंती. बाकीची पोरे भोवती कोंडाळे करून बघत. सगुणने त्यांना कधी उपदेश केला नाही. तो फक्त बोट ठेवी आणि विचारी.

एका वादळी दिवशी जाळे पाण्यातल्या खडकाला अडकले. सगुणने कमरेला दोर बांधला आणि बुडी मारली. दोराचे दुसरे टोक शेजारच्या लवूच्या हातात होते. मोठी लाट आली. लवू घाबरला आणि त्याच्या हातून दोर सुटला. सगुण परत आला नाही.

त्या दिवसापासून लवू किनाऱ्यावर येईना. धाकूने सगळ्यांसमोर सांगून टाकले, “तो पुन्हा दोराला हात लावेल, त्या दिवशी त्याचा हात मोडीन.” गावाने सगुणचे काम धाकूकडे दिले. त्याचे डोळे अजून कोरडे झाले नव्हते.

आणि मग एका सकाळी बांगडा आला.

काय सांगावे, पाणीच काळे झाले. वर पांढऱ्या पक्ष्यांची झुंबड, खाली समुद्र नुसता उकळतोय. पोरे गावभर ओरडत पळाली. कुणी तोंडातला घास घेऊनच आला, कुणी अर्धी दाढी करून आला. होडी गेली, जाळे पडले, दोर वाळूवर आले. “हैशा, हैशा” सुरू झाले.

भागीरथीआजी डाव्या दोरावर सगळ्यांत पुढे होती. ती मागे वळून म्हणाली, “अरे अर्ध्या दाढीवाल्या, दोर ओढतोस की दोराला लटकतोस?”

“आजी, तू ओढ, मी तुला धरून ठेवतो.”

“मला धरायला तुझा आजा होता. तू दोर धर.”

सगळे हसले. भाऊ गेल्यापासून धाकू पहिल्यांदाच हसला. दोर हाताला कापत होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि तरी अंगात कुठून बळ येत होते कोण जाणे.

पण जाळे फार भरले. डावीकडचा दोर मागे सरकू लागला. एक बाजू मागे पडली की जाळ्याचे तोंड वाकडे होते आणि मासळी निघून जाते. शिवाय जाळे फाटले तर सगळ्या गावाची चूल विझते. डावीकडची माणसे वाळूत घसरू लागली. “अजून कुणीतरी या रे इकडे,” आजी ओरडली.

सुरूच्या झाडांमागून एक माणूस धावत आला. त्याने दोराचे शेवटचे टोक धरले आणि पाय रोवले. तो लवू होता.

धाकूने त्याला पाहिले. पण धाकूचे दोन्ही हात उजव्या दोरावर होते. तो सोडला असता तर ती बाजू गेली असती. त्याने दात आवळले आणि ओढत राहिला. दोन्ही दोर सारखे झाले. जाळे आले. बांगडेच बांगडे, गुडघाभर बांगडे, वाळूवर उड्या मारणारे. पोरे त्यांत लोळली. म्हातारी माणसेसुद्धा नाचली.

मग ढीग मांडले. शेवंतीने सगळ्या ओढणाऱ्यांवर एकदा नजर फिरवली आणि ती पाठ करून उभी राहिली. धाकूने बोट ठेवले.

“हा कुणाचा?”

“भागीरथीआजीचा.”

“हा?”

“अर्ध्या दाढीचा.”

पुढच्या ढिगात बांगड्यांबरोबर एक मोठी सुरमई आली होती. जाळ्यात ती एकच होती. धाकूने तिच्यावर बोट ठेवले. “हा कुणाचा?”

“लवूकाकाचा,” शेवंती म्हणाली.

लांब बसलेल्या लवूने मान खाली घातली. धाकूने पुन्हा विचारले, “ऐकू नाही आलं. हा कुणाचा?”

“लवूकाकाचा. बहिरा झालास का काका? पुढचा विचार.”

तेवढ्यात कोंडाळ्यातला बुधा पुढे झाला. तो सगुणचा फार लाडका होता. तो धाकूच्या कानाशी म्हणाला, “काका, बोट त्या बारक्या ढिगावर ने. ती कुठे बघतेय?”

धाकूने बुधाकडे पाहिले. पोरगा वाईट नव्हता. सगुणवरच्या मायेनेच तो हे बोलला होता. मग धाकूने बाकीच्या पोरांकडे पाहिले. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, लवूकडेही बघत नव्हती. सगळ्यांचे डोळे त्याच्या बोटावर होते. बोट आता हलले, तर उद्या यांतल्या प्रत्येकाचे हलेल. दादाचा दोर सोडणाऱ्याला सुरमई द्यायची, या विचाराने धाकूचा जीव जळत होता. पण बोट तिथेच राहिले.

“नाही रे बुधा,” तो म्हणाला. “हाच त्याचा.”

त्याने तो ढीग पाटीत भरला आणि स्वतः नेऊन लवूपुढे ठेवला.

“मला नको,” लवू म्हणाला. “मी वाट्यासाठी नाही आलो.”

“घे. मी तुला माफ नाही केलं. पण आज दोर तू ओढलास.”

लवूने दोराने सोललेल्या हातांनी पाटी उचलली. धाकूने पालथ्या हाताने डोळे पुसले, परत आला आणि पुढच्या ढिगावर बोट ठेवले. असे करत करत एकच ढीग उरला. उरलेला ढीग वाटप करणाऱ्याचा असे.

“हा कुणाचा?”

“बाबाचा,” शेवंती सवयीने म्हणाली. मग तिच्या लक्षात आले आणि ती गर्रकन वळली.

धाकू तिला म्हणाला, “बरोबर सांगितलंस.”

त्याने आपला वाटा पाटीत भरला आणि तो कमरेएवढ्या पाण्यात गेला. तिथे उभे राहून त्याने एकेक बांगडा भावाच्या नावाने समुद्रात सोडला.

तात्पर्य: मुलांना न्यायाने वागणे शब्दांनी शिकवता येत नाही. न्याय करणे आपल्याला सर्वांत जड जाते, त्या वेळी आपला हात काय करतो, ते पाहून ती शिकतात.