मालनआत्याचा पाट

एकदा काय झालं, शेताच्या बांधाला माठाचं एक रोप उगवलं. त्याच्या एका पानात होतं एक गाव. हसू नका, खरंच होतं. चिंगे, पाय आधी पांघरुणात घे.

त्या गावातल्या बायका ओळीनं पाटावर बसायच्या. सगळ्यात पुढं दुर्पाबाई. ऊन पडलं, की तिच्या ओंजळीतला एक कण लाहीसारखा ताडकन उडायचा. ती तो झेलून मालनआत्याला द्यायची, मालनआत्या पुढचीला, असा हातोहात स्वयंपाकघरापर्यंत. तिथं त्याच्या जोरावर साखर व्हायची. मग दुर्पाबाई पाणी फोडून त्यातल्या कणांनी ओंजळ पुन्हा भरायची. पाण्यातली उरलेली हवा खिडकीतून बाहेर टाकायची. तीच आपण ओढतो, बरं का.

मग एका संध्याकाळी शेतात कुणीतरी तणाचं औषध मारलं. त्यातून गावात एक पाहुणा आला. मालनआत्या म्हणाली, "दमला असाल, बसा माझ्या पाटावर." तो बसला. अंधारात काहीच बिघडलं नाही.

सकाळी ऊन आलं आणि सगळ्यांची बोबडी वळली. दुर्पाबाईनं कण पुढं धरला, तर पाहुणा हात बांधून बसलेला. घेईना की देईना. तोवर दुसरा उडाला. ठेवायचा कुठं? तिचे हात भाजायला लागले. अरे देवा, ज्या उन्हावर गाव जगायचं, तेच ऊन गाव जाळायला लागलं.

मग बायकांनी पाहुण्याला पाणी दिलं. तो हलेना. मग गूळ दिला. तो हलेना. मग म्हणाल्या, "उन्हं वर आली हो." तो ढिम्म. "उठा" असं कुणी म्हणेना. पाहुण्याला उठवायचं कसं? मला तर अजून खरं वाटत नाही. बाई जळतेय आणि ह्यांना पाहुण्याच्या मानाची पडलीय.

बाहेर शेजारची रोपं पिवळी पडून आडवी झाली. मग दुर्पाबाईची बोटं पिवळी पडली. मालनआत्यानं ती पाहिली. "माझ्यापायी मरतेय ही," ती म्हणाली. तिनं कोयता घेतला आणि स्वतःच्याच पाटाचा कोपरा छाटला. पाहुणा घसरला. पुन्हा बसला, पुन्हा घसरला. मग चिडून निघून गेला.

मालनआत्या त्या तिरक्या पाटावर बसली. तिलाही आता नीट बसता येईना, हात डगमगायला लागला.

"मला आता वेळ लागणार गं," ती म्हणाली.

दुर्पाबाईनं भाजलेल्या हातात कण घट्ट धरला. "लागू दे. मी धरून बसते."

पान हिरवं राहिलं, गाव सुखात नांदलं. मिटा बघू आता डोळे.