शिळेच्या चौथ्या वळणावर

विषय : ओढ्यावरच्या कपारीसाठी आलेला कस्तूर पक्ष्याचा अर्ज, अर्जदाराची ओळख शिळेवरून पटवणेबाबत.

त्या रानात पाने इतकी दाट होती की कोणी कोणाला धड दिसत नसे. म्हणून ओळख गळ्यावरून पटवायची, असा नियम होता. वयात आलेल्या प्रत्येक पक्ष्याने एकदा आपले गाणे भृंगराज पक्ष्याला ऐकवायचे. भृंगराजाला कोणाचीही हुबेहूब नक्कल करता येई, त्यामुळे रानाचे सगळे दप्तर त्याच्या गळ्यात होते. पळसाच्या पानांवर नोंदी ठेवायला पिंगळा होता. तो दिवसा झोपेत असे आणि कचेरी दिवसाच उघडी असे.

कस्तुराची मादी अंड्यांवर आली होती. आठ-दहा दिवसांत कपार मिळाली नाही, तर अंडी उघड्यावर पडणार होती. निळ्या पिसांच्या त्या कस्तुराने कचेरीत येऊन शीळ घातली. सावकाश, जरा रेंगाळणारी, कुठेच पोहोचायचे नसलेल्या वाटसरूसारखी.

"छान आहे," पिंगळा म्हणाला. "पण नमुन्याशी जुळायला हवी."

भृंगराजाने नमुना म्हटला. तीन वळणे तीच होती. चौथ्या वळणावर मात्र किंकाळी आली.

"ती शिळेतली नाही, रावसाहेब," कस्तूर म्हणाला. "नमुना देताना डोक्यावरून गरुड गेला होता. घाबरून ओरडलो."

"कोण ओरडले?"

"मीच."

"मग तुमचीच झाली ना ती."

"भृंगराजभाऊ, तुम्ही होतात की तिथे. तुम्हीसुद्धा पानांत दडलात."

"मी दडलो त्याची नोंद नाही," भृंगराज म्हणाला. "तुम्ही ओरडलात त्याची आहे."

नमुना बदलून घ्यायचा, तर आधी ओळख पटायला हवी होती. आणि ओळख पटायला नमुना जुळायला हवा होता. कस्तुराने हे दोनदा समजावून घेतले. दोन्ही वेळा त्याला वेगवेगळे समजले.

दुसऱ्या दिवसापासून तो किंकाळीचा सराव करू लागला. पहिल्या किंकाळीला शेकरू ढोलीत शिरली आणि होल्यांचा थवा उडाला. तिसऱ्या दिवशी होले "अर्जदार आहे" एवढेच म्हणून दाणे टिपत राहिले. कचेरीत रोज तपासणी होई आणि रोज भृंगराजाचा एकच शेरा पडे : भीती वरवरची वाटते.

"अहो, तुम्हीच आहात ना?" एका संध्याकाळी मादीने विचारले.

"मीच असणार."

"मग ते ओरडणे सोडून म्हणा बघू एकदा."

त्याने सुरुवात केली, चौथ्या वळणाशी अडला. पूर्वी तिथे काय होते ते काही केल्या आठवेना. मादी उठून पलीकडच्या फांदीवर जाऊन बसली.

"कपार मिळाली की आठवेल," तो म्हणाला.

नवव्या दिवशी सकाळी तो कचेरीसमोरच्या उंबराच्या शेंड्यावर बसला. तीन वळणे झाली. कचेरीवरून एक रुंद सावली सरकली. चौथ्या वळणाची किंकाळी अशी आली की पिंगळ्याचे दोन्ही डोळे उघडले. होले दाणे टिपत होते. वर कोणी पाहिले नाही.

"जुळली," भृंगराज पानांच्या आतून म्हणाला. "तंतोतंत."

पुढची वळणे ऐकू आली नाहीत. ती ऐकण्याची आता गरजही नव्हती.

सद्यःस्थिती : अर्जदाराची ओळख पटली आहे. मादीने अंडी उघड्या खडकावर घातली असून कपार रिकामी आहे. मादीने दोनदा विचारणा केली. ताबा अर्जदारालाच समक्ष देता येतो, असे तिला दोन्ही वेळा कळवले. तो अद्याप आलेला नसल्याने अर्ज प्रलंबित आहे. तो आल्यावर शोधाशोध होऊ नये, म्हणून त्या सकाळी वरून पडलेले एक निळे पीस पिंगळ्याने त्याच्या अर्जात खुणेसाठी घालून ठेवले आहे.