पाठीची माती

"पर वस्ताद, पाठ मातीला लावायची तरी कशी?"

पिराजीच्या आवाजात राग होता, आणि खरं सांगायचं तर रडूही होतं.

चिंचेखालच्या तालमीनं यंदाच फुटबॉलचा संघ काढला होता. सगळे कुस्तीचेच गडी. पिराजी दाराएवढा धिप्पाड, म्हणून सुबराव वस्तादांनी त्याला गोलकीपर केलं. दोन सामन्यांत सात गोल बसले. अंगावर आलेला एकही चेंडू पिराजीनं सोडला नव्हता. पण बाजूनं जमिनीलगत गेलेल्या चेंडूवर झेपावायचं म्हटलं की गडी जागचा हलत नसे. आठ वर्षं कुणी त्याची पाठ मातीला लावू शकलं नव्हतं. आता चारचौघांत ती आपण होऊन लावायची, तीही एका चेंडूपायी!

रविवारी तिसरा सामना होता. हरलो तर संघ मोडायचा, असं तालमीच्या पंचांनी ठरवून टाकलं होतं.

"दुसरा कुणीतरी हुबा करा," पिराजी म्हणाला. "मी आपला कुस्तीच्या हौद्यातच बरा."

वस्तादांनी हौद्यात पाच पावलांच्या अंतरानं गोलाचे खांब म्हणून दोन लाकडी मुदगलं उभी केली, चेंडू पिराजीकडे टाकला, सदरा काढला आणि मधे जाऊन उभे राहिले.

"मार."

पिराजी हबकला. सत्तरीचा म्हातारा. उभ्या हयातीत कधी चीत न झालेला.

"वस्ताद, नगं..."

"मार म्हणतोय न्हवं!"

पिराजीनं बिचकतच चेंडू डावीकडे मारला.

वस्तादांनी अंग झोकून दिलं. माती उडाली. म्हातारा उताणा पडला होता, दोन्ही खांदे मातीला टेकलेले, चेंडू छातीशी कवटाळलेला.

पिराजी त्यांना उचलायला धावला.

"मला उचलू नगंस. चेंडू काढून घे."

पिराजीनं ओढला. गुडघा रोवून, दोन्ही हातांनी ओढला... चेंडू हलला नाही.

"आता सांग," वस्ताद खालूनच म्हणाले, "चीत कोण झालं?"

पिराजीनं चेंडूवरचे हात काढले.

"रविवारी मीच हुबा ऱ्हाणार," तो म्हणाला. त्यानं हात देऊन वस्तादांना उठवलं. त्यांच्या पाठीवरची तांबडी माती त्याला बघवेना. तो ती झाडायला गेला, तसं वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. रविवारी एकमेकाची झाडू."