एका हाताचा क्रूस

चढ दमवतो, जरा टेका इथं. हा दगडी क्रूस बघा, त्याला डावा हात नाही. वादळानं मोडला असेल, असं पाहुण्यांना वाटतं. तो आमच्याच गावच्या माणसानं मोडला.

फार मागं आमच्या कोळीवाड्यात इनास नावाचा तांडेल होता म्हणे. गावच्या होड्या त्याच्या शब्दावर समुद्रात जायच्या. त्याची एकुलती लेक लुजीन तापानं अंथरुणाला खिळली, तसा तो तडक इथं येऊन गुडघ्यांवर बसला. "पोर वाचव, माझी होडी तुला," असा नवस बोलला. ताप उतरेना. मग त्यानं जाळी कबूल केली, शेवटी राहतं घरही. खालून त्याची बायको कोन्सू निरोपावर निरोप धाडत होती. हा म्हणायचा, "देवानं हो म्हटल्याबिगर उठायचा नाय मी."

लुजीन गेली.

तिला माती देऊन इनास पहार घेऊन वर आला आणि त्यानं क्रुसावर घाव घातला. हात निखळून पडला. त्यानंतर तो गावच्या चर्चकडे फिरकला नाही.

कोन्सू मात्र रोज इथं येऊन बसायची. एकदा तो तिच्या मागोमाग आला आणि ओरडला, "अजून काय मागतेस त्याच्याकडं?"

"मागत नाय काही. पोरीला का नेलंस, हे विचारते. 'तुझी इच्छा' म्हणते नि रडते. तो बसू देतो मला." मग ती हळू म्हणाली, "लुजीन गेली तवा माझ्यासंगती तोच होता. पोर 'बा, बा' करत हात चाचपडत होती. तू इथं सौदा करत होतास."

इनासनं मोडक्या क्रुसाकडं पाहिलं, असं सांगतात. देवाचा हात आपण तोडला. पण लेक ज्या हाताला शोधत होती तो तर आपलाच होता. भर उन्हात तो तोंड झाकून बसला. पहिल्यांदाच त्यानं काही मागितलं नाही.

पाद्रीबाबा क्रूस सांधायला निघाले, तेव्हा त्यानं त्यांचे पाय धरले. "नका बसवू, फादर. माझी लाज लोकांना दिसू द्या." पुढं गावात कुणीही आजारी पडलं, की तो न बोलावता उशाशी जाऊन बसायचा.

आजही आमच्याकडं घरात दुखणं आलं, की घरची माणसं टेकडी चढत नाहीत. इथं शेजारी येतात. घरचे आजाऱ्याचा हात हातात घेतात आणि तिथंच म्हणतात, "तुझी इच्छा पूर्ण होवो."