कंदीलआबांचं इंग्रजी

दोष सगळा कंदीलआबांचा होता. वडीलधारे म्हणून तो झाकण्यात अर्थ नाही. दिवे आपले आपण पेटत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका गोठ्यात रीत अशी, की दिवेलागणीला आधी आबांनी पेटायचं, मग धाकट्यांनी त्यांच्याकडून ज्योत घ्यायची. त्यांच्याआधी पेटणं म्हणजे उद्धटपणा. आबा मध्यंतरी एका शाळेच्या व्हरांड्यात टांगलेले होते. तिथून इंग्रजी उचलून आले आणि पेटण्यापेक्षा बोलायलाच लागले.

एका संध्याकाळी ढवळी शेळी धापा टाकत आली. "आबा, लवकर पेटा! माझं करडू विहिरीकडं गेलंय, काही दिसत नाही."

"पेटा काय, पेटा? इल्युमिनेट म्हण," आबा म्हणाले. "लाइट अपही चालतं, पण ते बाजारू. ब्राइटन त्याहून बरं. म्हण बघू."

"इलु... आबा, पाया पडते!"

"आबा, आधी पेटा, मग शिकवा," कोपऱ्यातली रॉकेलची चिमणी म्हणाली.

"काल पत्रा झाळून केलेली पोर तू, मला अक्कल शिकवतेस?"

चिमणीनं वात आत ओढून घेतली. शेळी पुन्हा तो शब्द जुळवू लागली, आणि तेवढ्यात विहिरीत धपकन आवाज झाला.

आबा भडकन पेटले. उजेडात पहिला दिसला तो शेळीचा चेहरा. आपली काच काजळून काळी व्हावी, असं आबांना वाटलं. इतके शब्द येत होते, पण तिच्याशी बोलायला एकही सुचेना.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चिमणी कुणाची वाट न बघता पेटली. बाकीच्यांनी तिच्याकडून ज्योत घेतली. आबांकडे ज्योत मागायला त्यानंतर कुणीच आलं नाही.