पीठ पेरलेली पात

“…पण मग तो नवस सुटला म्हणायचा, की अजून माझ्या गळ्यात आहे?”

शालनबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

लतीफबाबा टोपलीतले कांदे निवडत होते. गिरणा नदीच्या काठी, गावाबाहेर त्यांचा तकिया होता, फकिराची झोपडी. गुरुवारी लोक शिधा ठेवून जात. शुक्रवारी दुपारी बाबा त्यातलं काहीतरी शिजवून खात.

“देवीला काय बोलली होतीस?”

“आमचे हे अंथरुणातून उठून अंगणात चार पावलं चालेपर्यंत कांदा-लसणाला शिवणार नाही. घरात येऊसुद्धा देणार नाही.”

“चालले?”

“नाही… माघात गेले.”

बाबांनी एक कुजका कांदा बाजूला टाकला.

“गुरव म्हणतात, माणूसच गेला, आता कसला नवस. जाऊबाई म्हणतात, पुरा झाला नाही तो सुटणार कसा. तुम्ही सांगाल ते मी मानीन.”

“किती दिवस पाळलास?”

“तीन वर्षं, दोन महिने. ते गेल्यावरही.” बाईंची मान ताठ झाली. “एकदाही मोडला नाही. गावातल्या बायका आपल्या सुनांना माझं नाव सांगतात.”

“बरं.” बाबांनी चूल पेटवली. “मला जेवायचंय. तू हात लावू नकोस. नुसतं तोंडाने सांग. हा पांढरा कांदा रश्शाला घालू?”

“अहो, पांढरा रश्शाला कशाला? तो गोडसर. बुक्कीने फोडायचा आणि भाकरीबरोबर कच्चा खायचा.”

“मग हा लाल?”

“तो लाल पाणचट आहे, आत्ताच निघालेला. खाली उन्हाळी आहे बघा, फिकट सालीचा. तो अख्खा निखाऱ्यात भाजा, खोबऱ्याबरोबर वाटा. रश्शाला तोच.”

“आणि ही गोट्यांएवढी?”

“ते सांबाराचे. चिरायचे नाहीत, सगळेच्या सगळे सोडायचे. बाबा, तुम्ही फकिरी घेतलीत, भाजीला नका देऊ.”

बाबा हसले. “तीन वर्षं शिवली नाहीस, आणि सगळं ध्यानात आहे?”

“शिवायचं नाही असा नवस होता. आठवायचं नाही असा नव्हता.”

टोपलीच्या तळाशी पातीची एक जुडी होती. बाबांनी ती झटकली.

“रस्सा राहू दे. हिचं काय करतात?”

“खालचे पांढरे कांदे आधी तेलात. लसूण ठेचून. पात मागून, नाहीतर काळी पडते. मग वरून बेसन पेरायचं.”

बाबांनी तसं केलं. मग बेसनाची वाटी उचलली आणि कढईत एकदम पालथी केली.

“असं नाही हो! गोळा होईल!”

बाई उठल्या. त्यांनी बाबांच्या हातून उलथनं घेतलं. पिठाचे गोळे बोटांनीच फोडले, पात खालीवर केली, पाण्याचा हबका मारला, वर ताटली झाकली. झाकण काढलं तेव्हा भाजी मोकळी झाली होती.

“अशी व्हायला हवी,” त्या म्हणाल्या. “दाणा दाणा सुटा. ह्यांना अशीच…”

त्या थांबल्या.

बाबांनी कढई खाली उतरवली.

“…मागितली होती त्यांनी. जायच्या आधी आठ दिवस. दूधसुद्धा जात नव्हतं. म्हणाले, शालन, पीठ पेरलेली पात कर, दोन घास खातो.”

“मग?”

“मी म्हटलं, थोडी कळ काढा. चालायला लागलात की परातभर करीन.”

चुलीतलं लाकूड फुटलं.

“जाऊबाई वाटीत घेऊन आल्या होत्या. वास येताच ह्यांनी दाराकडे मान वळवली… मी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. तीन वर्षांचं पुण्य एका वाटीपायी घालवायचं होतं का, बाबा?”

“पुन्हा मागितली?”

“नाही. मग त्यांनी काहीच मागितलं नाही.”

बाईंचं लक्ष आपल्या हातांकडे गेलं. बोटांना पिवळं पीठ लागलं होतं, त्यात पातीचे हिरवे तुकडे.

“अगं बाई… मी हात लावला.”

“लावलास.”

“आता?”

“आता काही नाही. सुटला तुझा नवस. जा घरी.”

“नाही!”

त्या इतक्या जोरात ओरडल्या की छपरावरचे पारवे उडाले.

“तेच विचारायला आली होतीस ना?”

“सुटला म्हणू नका. पाया पडते. एवढ्यानं सुटत असेल… हात लावला आणि आभाळ कोसळलं नाही, असं असेल, तर त्या दिवशीही कोसळलं नसतं. मग मी त्यांना नाही म्हटलं ते कशासाठी? काहीतरी शिक्षा सांगा. अन्न सोडते. मीठ सोडते. बोलणं सोडते. तुम्ही म्हणाल ते सोडते.”

बाबांनी शिळी भाकरी निखाऱ्यावर शेकली. तिच्यावर भाजी वाढली. भाकरी दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली.

बाईंनी मान हलवली.

बाबांनी हात मागे घेतले नाहीत. शेवटी बाईंनी भाकरी घेतली. एक घास मोडला. तोंडात घातला.

“कशी झालीय?”

डोळे मिटून त्या कितीतरी वेळ चावत राहिल्या.

“चांगली झालीय,” त्या म्हणाल्या, एखादा गुन्हा कबूल करावा तशा. “फार चांगली झालीय, बाबा… गिळवत नाही.”

बाबा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“दुसरा घास घे.”