बाकीबाईचे तीन विडे

एक होती राणी. राजाही होता बरं का, पण त्याचं काय झालं ते ऐकायला जरा धीर धरा. राणीचं नाव सगुणा. तिला दागिन्यांची हौस नव्हती, साड्यांची नव्हती. तिला हौस एकाच गोष्टीची, गणिताची. माहेरी परकर नेसून हिंडायची तेव्हापासून आकडे म्हणजे तिच्या मैत्रिणी. निमे, पाय आत घे आणि चादर ओढ. हं, आता ऐका.

तर त्या राणीच्या गावाला नदी होती, पण नदीला पाणी नव्हतं. डोंगरावरून एक भलामोठा धोंडा घसरला आणि नदीच्या उगमाशी येऊन बसला. लोकांनी माणसं लावली. मग बैल लावले. मग हत्ती लावले. धोंडा जागचा हलेना. बायका रिकाम्या घागरी घेऊन रडकुंडीला आल्या.

मग एके दिवशी डोंगरावरून बाकीबाई उतरली. बाकीबाई म्हणजे राक्षसीण. चिंचेच्या झाडाएवढी उंच, ओठ पान खाऊन लालभडक, कमरेला पानांची चंची. तिनं एका हातानं तो धोंडा उचलला आणि बाजूला ठेवला, आपण जेवणानंतर पाट उचलून ठेवतो ना, तसा. पाणी खळाळत आलं. राजा खूश झाला. म्हणाला, "बाई, काय हवं ते माग."

बाकीबाई म्हणाली, "दर संक्रांतीला मी वेशीवर येईन आणि तीन विडे खाईन. प्रत्येक विड्याला एक आकडा सांगेन. विडा चघळून पिंक टाकेपर्यंत वेस उघडी, ज्याला बाहेर जायचं त्यानं जावं. पिंक पडली की वेस बंद. मग आत असतील त्यांनी त्या आकड्याएवढ्या माणसांच्या रांगा करायच्या. रांगेत बसले ते तुमचे, उरले ते माझे. आणि तिन्ही विड्यांना कुणीच उरलं नाही, तर नेलेली सगळी माणसं परत देईन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही."

राजा मनाचा मोठा, पण हिशेबात कच्चा. "उरून उरून किती उरतील?" असं म्हणाला आणि हो म्हणून मोकळा झाला. शेजारी बायको बसलेली, सगळ्या मुलखात तिच्याइतकं गणित कुणाला येत नाही, तिला विचारावं की नाही? नाही विचारलं. पुरुषांची जात.

पहिली संक्रांत आली. बाकीबाईनं विडा तोंडात घातला आणि आकडा सांगितला. दरबारातले लोक भागाकार करायला बसले, राणीला याही वेळी कुणी विचारलं नाही. गाव मोठं, आकडा लांबलचक. ते अर्ध्यावर पोचले नाहीत तोवर पिंक पडली आणि वेस बंद झाली. मग मैदानात ही ढकलाढकली. शेवटी उभं राहायला कोण तयार होणार? जे धट्टेकट्टे होते ते पुढे घुसले, आणि म्हातारी, लंगडी, एकटी माणसं मागे राहिली. बाकीबाईनं ती उचलून झोळीत टाकली. दुसऱ्या विड्याला तसंच. तिसऱ्या विड्याला एक कासारीण आजी उरली. राजाला ते बघवेना. त्यानं आजीला हाताला धरून आपल्या जागी रांगेत उभं केलं आणि आपण बाहेर येऊन उभा राहिला. बाकीबाईनं राजाला उचललं आणि डोंगर चढून गेली.

राणी रडली. का नाही रडणार? पण रडून झाल्यावर तिनं पदर खोचला आणि राजवाड्याचा दरबार रिकामा करून तिथं शाळा काढली. कुंभाराची पोरं आली, तेल्याची आली, सरदारांची आली. शिकवायला स्वतः राणी. म्हणाली, "शाळेत मी राणी नाही, इथं मला बाई म्हणायचं. मोठा आकडा दिसला की भागाकार करत बसायचं नाही, आधी त्याची परीक्षा घ्यायची."

मग तिनं परीक्षा शिकवल्या. चाराची परीक्षा घ्यायची तर शेवटचे दोनच अंक बघायचे. का? तर शंभराचे चार वाटे बरोबर होतात, मग शेकडे, हजार कितीही असोत, ते आपसूक वाटले जातात. नवाची परीक्षा घ्यायची तर सगळे अंक बेरजेला बसवायचे. दहातून नऊ गेले की एक उरतो, शंभरातून नव्व्याण्णव गेले की एक उरतो, हजाराचंही तसंच. म्हणून अंकांची बेरीज केली की उरलेसुरले सगळे एका जागी सापडतात. पोरं दिवसभर घोकायची. चिंचोक्यांवर करून बघायची, भिंतीवर कोळशानं लिहायची. राणी बघायची आणि तिचा ऊर भरून यायचा.

त्या शाळेत एक पोरगी होती, मथुरा. तेल्याची. दिसायला काडी, पण भारी चिवट. बाईंनी काही सांगितलं की सगळी पोरं "हो बाई" म्हणायची. ही म्हणायची, "का बाई?" दुसरी एखादी असती तर वैतागली असती. राणी पुन्हा समजावून सांगायची, आणि कधी कधी तर सांगता सांगता तिलाच नवं काही कळायचं.

दुसरी संक्रांत आली. वेशीवरच्या रखवालदारानं गावची शिरगणती ओरडून सांगितली, "त्र्याहत्तर हजार दोनशे चोपन्न." बाकीबाई आली आणि खडकावर बसली. राणीनं आधीच हुकूम दिला होता, "आज कुणी ढकलाढकली करायची नाही. सगळ्यांत शेवटी मी उभी राहणार. कुणी उरलंच तर आधी मी जाईन." तिनं शाळेतली पोरं वेशीपाशी उभी केली आणि आपण मैदानाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

बाकीबाईनं पहिला विडा तोंडात घातला. म्हणाली, "चार."

पोरं हसलीच. शेवटचे दोन अंक चोपन्न. तेरा चोक बावन्न. दोन उरले. "दोघं बाहेर व्हा," पोरं ओरडली. एक नवरा आणि त्याची नवी नवरी लाजत लाजत वेशीबाहेर जाऊन उभी राहिली. पिंक पडली. चाराचाराच्या रांगा झाल्या. सगळं मैदान भरलं, एक माणूस उरला नाही. बाकीबाईच्या कपाळाला आठी पडली.

बाहेरचे दोघं आत आले आणि बाकीबाईनं दुसरा विडा घेतला. जरा विचार केला. म्हणाली, "नऊ."

सात आणि तीन दहा. दहा आणि दोन बारा. बारा आणि पाच सतरा. सतरा आणि चार एकवीस. एकविसातून नवाच्या दोन रांगा गेल्या, अठरा गेले, उरले तीन. तिघं बाहेर गेले. पिंक पडली, नवानवाच्या रांगा झाल्या. पुन्हा कुणी उरलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अरे, आपल्या पोरांना हे येतं. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. टोकाला उभ्या राहिलेल्या राणीची मान अशी ताठ झाली, की मुकुट घालूनसुद्धा कधी झाली नव्हती.

बाहेरचे तिघं आत आले. आता राहिला तिसरा विडा. बाकीबाई काही कच्ची नव्हती, बरं का. तिनं पान निवडलं. चुना लावला. सुपारी कातरली. विडा गालात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बारा."

बाराची परीक्षा कुणी शिकवलीच नव्हती. सगळी पोरं राणीकडे बघायला लागली. राणी टोकावरून धावत वेशीपाशी आली. म्हणाली, "सोपं आहे रे. आकडा सम आहे, म्हणजे दोननं भाग जातो. अंकांची बेरीज एकवीस, म्हणजे तीननं जातो, म्हणून सहानंही जातो. दोननं जातो, सहानं जातो. बे सक बारा. झालं की. कुणी उरत नाही. कुणीही हलायचं नाही."

लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बाकीबाई तेवढी गालातल्या गालात हसली.

मथुरा मात्र बोटांवर काहीतरी करत होती. ती म्हणाली, "बाई, थांबा."

लोक कुजबुजले. राणी सांगते आणि तेल्याची पोर थांबा म्हणते? कुणी तिला मागे ओढलं. ती हलली नाही. म्हणाली, "बाई, मघाशी चाराला दोन उरले होते. बाराच्या एका रांगेत चाराच्या तीन रांगा बसतात. मग जो आकडा चाराला जात नाही, तो बाराला कसा जाईल?"

राणीचे कान गरम झाले. सगळं गाव बघत होतं. तिनं मनात पुन्हा मांडून बघितलं. सहा म्हणजे दोन आणि तीन. सहाच्या पोटात दोन आधीच आहेत, मग पुन्हा दोन कशाला मोजले? बाराला तीन लागतात आणि चार लागतात. एकच दोन दोनदा मोजून आपण फसलो. एवढं गणित शिकलो आणि नेमकं इथं चुकलो.

मग तिला काय वाटलं, सांगू? आधी लाज वाटली. खोटं कशाला बोलू? पण लाज पुरती चढण्याआधीच अभिमान वर आला. मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी चुकले. मथुरा म्हणते ते खरं आहे. मथुरे, किती बाहेर काढू?"

बाकीबाईचा गाल रिकामा होत आला होता. मथुरा म्हणाली, "तिनाला भाग जातो, म्हणजे उरतील ते तीन, सहा नाहीतर नऊ. आणि त्यांतून चार चार काढले की दोन उरायला हवेत. तिनात दोन उरत नाहीत. नवात एक उरतो. सहातून चार गेले की दोन. बाई, सहा."

"सहा जण बाहेर," राणी म्हणाली.

वेशीजवळचे पाच जण पटकन गेले. सहावा होता हलवाई, चांगला गोलमटोल. त्याचा एक जोडा चिखलात रुतला आणि तो ओढत बसला. बाकीबाईनं तोंड उघडलं. अख्खं गाव ओरडलं, "जोडा सोड." हलवायानं जोडा सोडला आणि एका पायानं उडी मारून वेशीबाहेर पडला. पिंक पडली ती त्याच्या जोड्यावर.

राणी पुन्हा आपल्या जागी, टोकाला जाऊन उभी राहिली. बाराबाराच्या रांगा लागत गेल्या. लागत गेल्या, लागत गेल्या, आणि शेवटच्या रांगेत अकरा माणसं उभी राहिली. बारावी राणी. रांग भरली.

बाकीबाईनं या टोकापासून मोजलं, त्या टोकापासून मोजलं, मधूनही मोजून बघितलं. कुणी उरलं नव्हतं. मग तिनं झोळी उलटी केली. म्हातारी माणसं बाहेर आली, लंगडी माणसं बाहेर आली, आणि सगळ्यांत शेवटी राजा बाहेर आला, सगळ्यांना हात देऊन उतरवून. बाकीबाईनं चंची कमरेला खोचली आणि डोंगरापलीकडे चालती झाली. पुन्हा काही ती आली नाही.

राजानं राणीचे हात धरले. म्हणाला, "मला ठाऊक होतं, तू मला सोडवशील. तुझं गणित कधी चुकत नाही."

राणी म्हणाली, "आज चुकलं. सगळ्या गावासमोर चुकलं." आणि तिनं मथुराला पुढे घेतलं, आपल्या हातांनी तिचे केस नीट केले. "ही माझ्या शाळेतली. हिनं मला थांबवलं. महाराज, तुम्ही परत आलात याचा आनंद तर आहेच. पण मी शिकवलेली पोर माझी चूक काढते, याचा मला इतका अभिमान वाटतोय, की तो कुठं ठेवू ते कळत नाही."

राजानं तेल्याच्या त्या काडीएवढ्या पोरीला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "का?" तेव्हा कुठं राणी पोटभर हसली.

मग राजाराणी घरी गेली, सुटलेली माणसं आपापल्या घरी गेली, आणि सगळी सुखानं नांदली. तुम्हीही आता डोळे मिटा पाहू. अंथरुणात सगळी आलीत, बाहेर कुणी राहिलं नाही. झोपा.